डोळ्याखालचा भोवरा

आमचे आबा फौजेतनं रिटायर झाले, पण त्यांचा हुकूम काही रिटायर झाला नाही. लालासाहेब, म्हणजे आमचे आबा, म्हणाले की गावात विषय संपतो. मी साक्षी, त्यांचीच लेक, शिवाय जनावरांची डॉक्टर. त्यामुळं इस्लामपूरजवळच्या आमच्या मळ्यात त्या दिवशी चांगलीच जुंपली.

भांडण पाखरीवरनं. पाखरी आमची घोडी. म्हातारी झाली, गर्भ धरायची आणि दर खेपेला गाभडायची. तिची पिशवी निकामी झाली होती, बीज मात्र अजून चांगलं होतं. माझं संशोधनच त्यावर आहे: असल्या घोडीचा गर्भ आठवडाभराचा असतानाच पिशवीतनं धुऊन काढायचा आणि दुसऱ्या धडधाकट घोडीच्या पोटात ठेवायचा. कॉलेजातले माझे सर म्हणाले होते, एवढ्या म्हाताऱ्या घोडीवर वेळ घालवू नकोस. ते ऐकलं आणि मी हट्टालाच पेटले. आमच्याकडं पाखरीच्या वंशाचं दुसरं जनावर उरलं नव्हतं.

दोनदा पिशवी धुतली, काहीच आलं नाही. तिसऱ्यांदा मायक्रोस्कोपखाली गर्भ दिसला, गोल आणि स्वच्छ. मला रडूच फुटलं.

दुसरी घोडी आटपाडीच्या हरणाबाईंची. मेंढरांमागं त्यांचं बिऱ्हाड वाहणारी, पण अंगानं थोराड. आटपाडीला खेटे घालून, इंजेक्शनं देऊन मी तिचा माज पाखरीच्या माजाशी जुळवला होता. त्याच सकाळी हरणाबाई तिला टेम्पोतनं घेऊन आल्या.

आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि थबकले. घोडीच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता.

"ही खोड हाय. असली घोडी मालकाला रडवती. पाखरीचं लेकरू हिच्या पोटात? न्हाई जमायचं."

"आबा, भोवरा कातड्यावर आहे. मी गर्भ पोटात ठेवणार आहे."

"माझ्या बापानं असलं जनावर कवा दारात बांधलं न्हाई."

हरणाबाई म्हणाल्या, "आवं दादा, हिनं आमास्नी कवा रडवलं न्हाई. आमचं वझं मातुर वाहिलं."

आबा ढिम्म. गर्भ बाहेर जेमतेम काही तास टिकणार, आणि इथं भोवऱ्यावर पंचायत! माझ्या डोक्यात तिडीक गेली. गर्भ ठेवलेली काचेची बशी मी त्यांच्यासमोर ठेवली.

"नको असेल तर तुमच्या हातानं टाकून द्या. मी नाही टाकणार."

त्यांना बशीत काही दिसेना. मी त्यांना मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. लय वेळ बघत राहिले. मग उठून घरात गेले. मला वाटलं, संपलं सगळं.

बाहेर आले ते दाढीचं सामान घेऊन. साबणाचा फेस केला, घोडीच्या डोळ्याखाली लावला आणि वस्तऱ्यानं भोवरा साफ उतरवला. हरणाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. घोडी बिचारी हलली नाही.

"आता खोड ऱ्हायली न्हाई," आबा म्हणाले. "ठेव."

मी वाद घातला नाही. हात धुतले आणि गर्भ ठेवला.

आठवडाभर आबांनी त्या घोडीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. वैरण, पाणी, खरारा सगळं स्वतः. मग मी सोनोग्राफी केली. काही दिसेना. पुन्हा कोपरा न कोपरा बघितला. पोट रिकामं होतं.

आता आबा म्हणणार, सांगितलं हुतं का न्हाई? आणि पाखरीला मला पुन्हा हात लावू देणार नाहीत.

"नाही धरला, आबा."

ते घोडीपाशी गेले. डोळ्याखाली बारीक केस उगवत होते. त्यावरनं त्यांनी बोट फिरवलं.

"हिच्यावर दोष ढकलता येत न्हाई गं. खोड तर मीच काढली हुती."

मी मशीन आवरायला लागले, तसं त्यांनी विचारलं,

"पाखरी परत माजावर कवा येईल?"

"इंजेक्शन दिलंय, थोड्या दिवसांत येईल. पण आबा, पुन्हा असंच झालं तर?"

"तर पुन्यांदा करायचं. हरणाबाईंना फोन लाव. म्हणावं, घोडी एवढ्यात सोडत न्हाई."

"भोवरा परत येतोय," मी म्हटलं. "वस्तरा आणू?"

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "डोळ्यापाशी वस्तरा टोचत आसंल तिला."