अ गटातला चोविसावा खेळाडू

अ गटातलं चोविसावं नाव श्रीदेवीने शनिवारी सकाळी साडेआठला वाचलं, आणि तिचं डोकं तिथूनच तापायला लागलं.

श्रीदेवी हत्तुरे शाळेत गणित शिकवायची आणि वीस वर्षांपासून बुद्धिबळाची पंच म्हणूनही काम करत होती. विजापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात दोन दिवसांची निमंत्रितांची विभागीय स्पर्धा होती. सोलापूर, लातूर, धाराशिव आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गीपर्यंतचे खेळाडू बोलावलेले. गट तीन. अठराशेच्या वर रेटिंग असलेले अ गटात, चौदाशे ते अठराशे ब गटात, उरलेले सगळे क गटात. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. तरी आठवडाभर तिला फोन येत होते. कुणाला आपली मुलगी वरच्या गटात हवी होती, तर कुणाला आपला भाचा खालच्या, म्हणजे बक्षीस घरी येईल. सगळ्यांना तिने नियम दाखवून वाटेला लावलं होतं.

आणि आता यादीत शेवटचं नाव होतं सिद्धराम कोनापुरे. रेटिंगच्या रकान्यात रेघ.

सिद्धरामअण्णा म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. वय बासष्ट. पाइप आणि मोटारींचं दुकान. हॉल त्यांनी मिळवलेला, पट-घड्याळं त्यांनी आणलेली, जेवणही त्यांच्याकडून.

"अण्णा, हे काय आहे?" तिने यादी त्यांच्यापुढे धरली.

"कलबुर्गीचा एक जण रात्री गळाला की. तेवीस राहिले. विषम आकडा झाला की दर फेरीला एक जण रिकामा बसतो. तुम्हीच सांगितलं होतं मागं."

"म्हणून क गटातला माणूस अ गटात बसवायचा?"

"यजमान आहे मी, मॅडम. निमंत्रण द्यायचा हक्क मंडळाला आहे. पत्रकात लिहिलंय तसं."

पत्रकात खरंच तसं लिहिलेलं होतं. चिटणीस बिभीषणरावांनी ते वाक्य घातलं होतं आणि तिने त्यावर सही केली होती. तिने दात आवळले. "ठीक आहे. पण खेळाडू म्हणून बसलात की अध्यक्षपण हॉलबाहेर. आणि फोन बंद."

"मला दिवसाला शंभर फोन येतात."

"बंद, अण्णा."

पहिल्या फेरीत अण्णा चाळीस मिनिटांत हरले. दुसरीत अर्ध्या तासात. प्रतिस्पर्धी उठून तिच्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, दोनशे किलोमीटरवरून आलोय आम्ही. हे काय खेळणं झालं?" तिने निकाल लिहून घेतला. हरले की अण्णा बाहेर मांडवात जाऊन चहा प्यायचे आणि भेटेल त्याला आपला डाव कुठे बिघडला ते सांगायचे. ते पाहून ती आणखी चिडायची.

त्याच दुसऱ्या फेरीत क गटात फोन वाजला. वळसंगच्या शरणप्पाचा. पन्नाशीचा शेतकरी, धोतर-सदऱ्यातला, डाव चांगला चाललेला. श्रीदेवी टेबलापाशी गेली आणि तिने त्याच्या नावापुढे शून्य लिहिलं.

"बाई, म्हशीचं दिवस भरल्यात," शरणप्पा हळू आवाजात म्हणाला. "म्हनून चालू ठिवला हुता. घरनंच फोन हाय."

"मला वाईट वाटतं. पण वाजला की डाव गेला. सकाळी सांगितलं होतं."

"व्हय, सांगितलं हुतं," तो म्हणाला आणि उठला. त्याने वाद घातला नाही. वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी चौथी फेरी सुरू झाली तेव्हा अण्णांचे गुण तीन फेऱ्यांत शून्य होते. त्यांच्यासमोर आली वेळापूरची ऋतुजा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी. तिचीही स्पर्धा वाईट चालली होती, तीन फेऱ्यांत अर्धा गुण. श्रीदेवीने घड्याळं सुरू करून दिली आणि मनात म्हटलं, पोरीला एक गुण मिळेल, निदान.

पुढचे दोन तास तिला अ गटाकडे बघायला सवडच झाली नाही. क गटात दोघांनी एकमेकांवर आरोप केले, हात लावलेला घोडा खेळला नाही म्हणून. दोघांचे पालक खिडकीतून साक्षी देत होते. ते मिटवून ती पॅसेजमध्ये आली तर जेवणाचं काम घेतलेली धनलक्ष्मी वाट अडवून उभी.

"मॅडम, टाकीत पाणी नाही. भांडी तशीच पडलीत, संडासातपण थेंब नाही. बायका ओरडायला लागल्यात."

"मी पंच आहे, धनलक्ष्मी. बिभीषणरावांना सांग."

"ते बक्षीस समारंभाच्या पाहुण्यांना आणायला स्टेशनला गेलेत."

श्रीदेवीने कपाळावरचा घाम पुसला. दोन दिवसांत पंख्यापासून फिनेलपर्यंत सगळं तिच्याच गळ्यात पडलं होतं. अण्णांनी माणसं बोलावायची, मिरवायचं, आणि मग खेळायला बसायचं. अकरा वाजून गेले होते. अण्णा केव्हाच हरून मांडवात चहा पीत बसले असतील, याबद्दल तिला जराही शंका नव्हती. तिने फोन काढला आणि त्यांचा नंबर लावला.

घंटी हॉलमध्ये वाजली.

तिने फोन कापला, पण तोवर दोनदा वाजून झाली होती. ती आत गेली. अख्खा हॉल अण्णांकडे बघत होता. अण्णा सदऱ्याच्या खिशावर हात दाबून बसले होते, चेहरा पांढरा पडलेला. श्रीदेवीची नजर पटावर गेली आणि तिथेच थांबली. अण्णांकडे हत्ती, उंट आणि चार प्यादी होती. ऋतुजाकडे हत्ती आणि तीन प्यादी. एक अख्खा उंट जास्त. वजिराकडच्या बाजूचं प्यादं दोन घरं चाललं की वजीर होणार होतं. चाली लिहायच्या कागदावर त्यांच्या वळणदार अक्षरात चव्वेचाळीस चाली नीट मांडलेल्या होत्या.

"कुणाचा फोन?" अण्णांनी खिशातून यंत्र काढून पाहिलं. मग वर बघितलं. "मॅडम, हा तर तुमचा नंबर."

"हो. मीच लावला."

कुणीतरी दबक्या आवाजात हसलं. ऋतुजाने घड्याळ थांबवलं. "मॅडम, मी हरतेच आहे," ती म्हणाली. "मला असा गुण नको."

"तुझ्या हवं-नकोवर नाही ते," श्रीदेवी म्हणाली, आणि आपला आवाज किती कडक निघाला ते तिलाच ऐकू आलं.

तेवढ्यात बिभीषणराव पाहुण्यांना घेऊन पोचले. काय झालं ते कळताच त्यांनी तिला कोपऱ्यात घेतलं. "डाव पुढं चालू करा. पंचानंच फोन केला तर नियम कसला लागतो? चूक तुमची. तक्रार समितीत तिघंही आपलेच आहेत, पाच मिनिटांत ठराव लिहून देतो."

वाक्य बिनचूक होतं. चूक तिची होती. तिने मनापासून मान हलवावी असंच ते होतं. पण दारापाशी शरणप्पा उभा होता, आपली चौथी फेरी आटोपून, टोपी हातात धरून. त्याला फोन केला होता त्याच्या बायकोने, आणि त्यातही त्याची चूक काय होती?

ती टेबलापाशी परत गेली. "अण्णा, फोन मी केला. तुम्ही हरून बाहेर गेला असाल असं मी गृहीत धरलं. न बघता. ती माझी चूक आहे आणि अहवालात मी ती माझ्या नावासकट लिहिणार आहे. पण फोन चालू तुमचा होता. डाव ऋतुजाचा."

अण्णांनी पटाकडे पाहिलं. "चाळीस वर्षं खेळतोय मी," ते म्हणाले. "दुकानात, लग्नात, दवाखान्यातसुद्धा. रेटिंगवाल्या माणसाला एकदाही हरवलं नाही. आज हरवत होतो की नाही, तेवढं सांगा."

"हरवत होतात."

"मग लिहा शून्य." त्यांनी कागदावर सही केली, ऋतुजाशी हात मिळवला आणि बाहेर गेले.

पाचव्या फेरीच्या वेळेला ते दिसेनात. ते आले नसते तर समोरचा माणूस रिकामा बसणार होता. श्रीदेवी त्यांना शोधत मागे गेली. अण्णांनी पाण्याचा टँकर मागवला होता आणि ते त्याच्या नळीपाशी उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"अण्णा, फेरी सुरू होतेय."

"चार डाव हरलो मॅडम, पुरे झालं. तुम्हालाच नको होतो ना मी तिथं."

"नव्हतातच," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिला त्या दिवशी जमलं नसतं. "आता हवे आहात. टाकी भरेल तिची तिची. चला."

ते दहा मिनिटं उशिरा बसले. फोन त्यांनी न सांगता तिच्या टेबलावर आणून ठेवला. समोर धाराशिवचा एक बँकेतला तरुण होता. पहिल्या तासात अण्णांचं एक प्यादं गेलं. दुसऱ्या तासात ते परत आलं. इतर पटांवरचे डाव एकेक करून संपले, खुर्च्या आवरल्या गेल्या, व्यासपीठावर हार आणि ढाली मांडून झाल्या. बक्षीस समारंभ पाचचा. साडेपाच झाले तरी एकच डाव चालू होता.

बिभीषणराव तिच्या कानाशी आले. "पाहुण्यांची सातची गाडी आहे. अण्णांना सांगा, सोडा म्हणावं. तसंही शेवटचाच नंबर आहे त्यांचा."

"घड्याळ चालू आहे," श्रीदेवी म्हणाली.

"अहो, पण लोक ताटकळलेत."

"ताटकळू देत. आणि हळू बोला, डाव चालू आहे."

पाहुण्यांनी दोनदा मनगटावर बघितलं. धनलक्ष्मीने चहा तिसऱ्यांदा गरम केला. मागे कुणाच्या तरी आईने मोठ्याने सुस्कारा टाकला, तेव्हा श्रीदेवीने वळून अशा नजरेने पाहिलं की पुन्हा कुणी टाकला नाही. दिवसभर तिला ज्या ज्या माणसाचा राग आला होता, तो सगळा राग आता त्या पटाभोवती पहारा देत उभा होता. ऋतुजा आणि शरणप्पा भिंतीला टेकून शेवटपर्यंत बघत राहिले.

सहाला दहा मिनिटं कमी असताना अण्णांनी समोरच्याचं शेवटचं प्यादं मारलं. पुढच्याच चालीला त्या तरुणाच्या राजाने त्यांचं शेवटचं प्यादं टिपलं. पटावर दोन राजे उरले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बरोबरी," श्रीदेवी म्हणाली, आणि तक्त्यावर चोविसाव्या नावापुढे अर्धा गुण लिहिला.

अण्णा चष्मा पुसत उठले. अध्यक्षीय भाषणाचा कागद बिभीषणरावांनी त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि त्या तरुणाला विचारलं, "हत्तीची अदलाबदल केलीस तिथं घोडा आणला असतास, तर मी गेलो असतो की नाही?"

"गेला असतात, अण्णा."

"दाखव बघू."

आणि पाहुणे, हार, ढाली तशाच ठेवून दोघं पुन्हा खाली बसले. श्रीदेवीने डोक्याला हात लावला. मग स्वतःची खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसून पट पुन्हा मांडायला लागली.