दुसऱ्या कडव्यातली जागा

फिटरने डिकी आपटून बंद केली, तशी बाईंनी ती पुन्हा उघडली.

"काकू, झालं काम. आता गल्लीच्या टोकापर्यंत हादरा जाईल," तो हात पुसत म्हणाला.

"हादरा कोणी मागितला होता?"

फिटरचा चेहरा पडला. सकाळपासून तो या एवढ्याशा गाडीत डोकं खुपसून बसला होता. बॅटरीपासून मागपर्यंत जाड वायर ओढली, तिच्यावर फ्यूज बसवला, सीटखाली ॲम्प्लिफायर आणि डिकीत खोक्यातला सबवूफर, म्हणजे नुसत्या खर्जाचा मोठा स्पीकर. अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंगसुद्धा खरवडून काढला, ज्याचा भलेभले फिटर कंटाळा करतात. वीस वर्षांत त्याच्या दुकानात आलेल्या प्रत्येकाला एकच हवं असायचं: नंबरप्लेट थरथरली पाहिजे. साठी उलटलेल्या बाईंची नंबरप्लेटही त्याने इमानेइतबारे थरथरवली होती, आणि वर बेस बूस्टची घुंडी शेवटपर्यंत पिळली होती, तीही स्वखुशीने.

दुकानासमोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बाईंचे यजमान पेपर वाचत बसले होते. वाचत म्हणजे तपासत. उभा जन्म छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून गेला. नोकरी संपली तरी खिशातलं लाल पेन काही गेलं नाही.

"अगं, या वयात शोभतं का हे? पोरं लावतात असले डबे."

"शोभतं," बाई म्हणाल्या. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग फिटरला म्हणाल्या, "हे बघ. लग्नाआधी आठ वर्षं मी वाद्यवृंदात बेस गिटार वाजवायचे. मघाशी तपासायला तू लावलंस ते आमचंच गाणं. कॅसेटवरून भाचीने पेन ड्राइव्हवर उतरवून दिलंय. घरातल्या टेपवर लाव, टीव्हीवर लाव, मोबाइलवर लाव. गाणारी ऐकू येते, व्हायोलिन ऐकू येतं, मेल्या झांजासुद्धा ऐकू येतात. मी नाही."

"तेव्हा ही वाजवायची आणि कोणाला ऐकू यायचं नाही," खुर्चीतून आवाज आला. "आता वाजवत नाही, नुसती बोलते, तर सगळ्या बिल्डिंगला ऐकू येतं."

फिटरला हसू आवरलं नाही. बाईंना आलं नाही. छत्तीस वर्षांत घरी आलेल्या एकाही पाहुण्याला हा विनोद चुकला नव्हता. नवऱ्याच्या मनात काही वाईट नसायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचाच जास्त संताप यायचा. वाईट बोलणाऱ्याला तोडून टाकता येतं. याला काय दाखवणार? गिटार कधीच गेली होती, उरलं होतं ते गाणं, आणि त्यात त्या नव्हत्याच.

"दुसऱ्या कडव्यात एक जागा आहे," त्या म्हणाल्या. "ती मला ऐकू आली, की तुझं काम झालं. तोवर मी इथून हलत नाही."

"पण काकू, बेस तर येतोय की दणदणीत."

"येतोय ना. एकच धुम्म येतोय. मी वाजवलेत चार वेगळे सूर. तुझा डबा चारींना एकाच काठीने हाणतोय."

फिटरने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि बेस बूस्ट पार शून्यावर आणला. हात जरा जड झाला त्याचा. ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे जोर, कमी केला, वरचे सूर सबवूफरकडे जाणार नाहीत इतपत दुसरी घुंडी फिरवली. नंबरप्लेटच्या मागे फोमची पट्टी चिकटवली. गाणं पुन्हा लागलं. बाई ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. डाव्या हाताची बोटं स्टिअरिंगवर आपसूक पडत, उठत होती. मधेच बोटं थांबली.

"इथे बसलं की सूर खंगतो. मघाशी डिकीपाशी उभी होते, तर भरलेला होता."

आता मात्र फिटरच्या भुवया वर गेल्या. सबवूफर आणि दारातले स्पीकर एकमेकांच्या उलट ढकलत असतील, तर पुढे बसणाऱ्याच्या कानाशी येईपर्यंत बेस विरून जातो. हे तो शिकला होता आणि विसरलाही होता, कारण त्याच्या दणदणाटात ते कधी उघडं पडलंच नव्हतं. त्याने सबवूफरच्या दोन वायरी काढल्या, अदलाबदल करून लावल्या आणि डिकी बंद केली.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर बाई एकदम हसल्या, मोठ्याने, मान मागे टाकून. आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"आली का जागा?"

"आली."

फिटरने खणातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि प्रत्येक घुंडीवर एकेक लाल ठिपका दिला. जुळवलेलं कोणी हलवू नये, म्हणून तो ही खूण करायचा. एरवी ती गिऱ्हाइकाच्या धाकासाठी असायची. आज ठिपके देताना त्याने श्वास धरला होता.

"अहो, या," बाईंनी हाक मारली. "बसा पुढे."

यजमान पेपरची घडी करून शेजारी येऊन बसले. गाणं लागलं. त्यांनी आधी चेहऱ्यावर सोशिक हसू आणलं, मग ते हसू हळूहळू ओसरलं. दुसऱ्या कडव्यात त्यांचं बोट वर झालं. छापलेल्या ओळीत चूक दिसली की व्हायचं तस्संच.

"थांब. मागे घे जरा."

बाईंनी मागे घेतलं.

"हां, इथे. सगळे खाली उतरतात आणि तो खालच्या सुरातला एकजण वरच राहतो. चुकलाय तो."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? ढळढळीत चूक आहे. इतकी वर्षं कशी ऐकू आली नाही? कोण होता तो?"

"मी," बाई म्हणाल्या.

यजमानांचं बोट तसंच वर राहिलं. बाईंनी चारही काचा खाली केल्या, आवाज दोन घरं वाढवला आणि किल्ली फिरवली.

"अगं, काचा तरी लाव," ते हळूच म्हणाले. "चूक आहे त्यात. लोक ऐकतील."

"ऐकू देत," बाई म्हणाल्या, आणि गाडी रस्त्यावर घेतली.