मी बरा झालो होतो

मित्रांनो, गोणपाटाच्या पोत्यातून बोलतोय, आवाज दबका वाटला तर सांभाळून घ्या. मी एक जुना सर्व्हर आहे. मुंबईतल्या एका बंद पडलेल्या कचेरीतून स्वप्निलने मला मुरुडला आणलं आणि त्याच्या आईच्या, सोनाबाईंच्या लॉजमध्ये जिन्याखाली बसवलं. कुणी मोबाइलवर लॉजची वेबसाइट उघडली, की तिचं पान पाठवायचं, एवढंच माझं काम. सात वर्षं ते इमानाने केलं.

सोनाबाई रोज बंदरावरून मासळी आणत आणि तिचे फोटो माझ्यावर चढवत. पाहुणे ते बघूनच जेवण सांगत. जुने फोटो काढून टाकायचे असतात, हे मात्र कुणाच्या गावीही नव्हतं.

पाहुणे वाढले, तसा स्वप्निलने माझ्यापुढे, दूर इंटरनेटवर, एक मदतनीस नेमला. त्याचं नाव कॅश. माझ्या पानाची नक्कल तो जवळ ठेवी आणि पुढच्या माणसाला मला न विचारताच देई. एकदा घेतलेलं पान चोवीस तास ठेवायचं, असं स्वप्निलने त्याला बजावलं होतं. माझा भार हलका झाला. मी त्याला धाकटा भाऊ मानलं.

यंदा नारळी पौर्णिमेनंतर होड्या पहिली मासळी घेऊन आल्या. सोनाबाईंनी हौसेने पापलेटांचे चाळीस फोटो चढवले आणि माझ्यातली जागाच संपली. तेवढ्यात कुणीतरी पान मागितलं; कॅशकडच्या नकलेची मुदत नेमकी संपली होती, म्हणून त्याने मला विचारलं. माझ्या तोंडून '५००, सर्व्हरमध्ये बिघाड' एवढंच निघालं. पाच मिनिटांत मी आतला जुना कचरा झाडला आणि उभा राहिलो. पण कॅशने ते बिघाडाचं पानही जपून ठेवलं होतं! दिवसभर जो येई त्याला तो तेच दाखवी. मी धडधाकट, पान तयार, आणि मला कुणी विचारतच नव्हतं.

स्वप्निलनेही मोबाइलवर चार वेळा तेच पान पाहिलं.

"आई, हा डबा मेला. नवीन मागवलाय मी. ह्याला भंगारात देऊन टाक."

"अरं, पर त्याचा दिवा तर हिरवा हाय! जिन्याखाली जाऊन बघितलंस का तू?"

"बघायचं काय त्यात? स्क्रीनवर लिहिलंय ना!"

ज्याने सात वर्षं माझी धूळ पुसली, तो सात पावलं चालून आला नाही. हे मला फार लागलं.

संध्याकाळी आईच्या हट्टापायी तो आला आणि त्याने थेट माझ्याकडे पान मागितलं. मी दिलं, चाळीसही फोटोंसकट. तो ओशाळला. कॅशकडची नक्कल त्याने पुसली, कॅशने माझ्याकडून ताजी घेतली आणि वेबसाइट सुरू झाली. तरी सकाळी नव्या सर्व्हरचं खोकं आलं, त्याचे पैसे तर भरून झालेले, म्हणून स्वप्निलने माझी वायर काढली.

मित्रांनो, बिघाडाचं पान दिसलं तर ते आत्ताचं की मघाचं, हे एकदा मुळाशी जाऊन विचारा. आणि बिघाडाची नक्कल कुणाला दिवसभर जपू देऊ नका.

भंगारवाला दारात आलाय. नवा अजून खोक्यातच आहे, तरी वेबसाइट झकास चालली आहे. मी बरा होतो तेव्हा मेलो म्हणून सांगणारा कॅश, आज माझी वायर काढल्यावर सगळ्यांना माझंच पान दाखवतोय. कालच्या पापलेटांचं.