बऱ्या कमरेचं दुखणं

सोफे दुरुस्त करणाऱ्याची कंबर दुखायची आणि बायकोचा त्यावर विश्वास नव्हता. कमरेपेक्षा हेच जास्त दुखायचं. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ, मग दुखतंय काय? "जड काम आलं की बरी दुखते," असं म्हणत ती शिलाई सोडून उठायची आणि सोफ्याचं टोक उचलून कामाच्या लाकडी घोडीवर चढवायची.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी एक गोळी दिली. उदास माणसांना देतात ती. तो भडकलाच. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

"दुखणं खरंच आहे," त्या म्हणाल्या. "कमरेची खबर मणक्यातून मेंदूकडे जाते. मेंदू सेरोटोनिनसारखी रसायनं वापरून ती वाटेतच दाबतो, कधी वाढवतोही. तुमच्यात दाबणं कमी पडत असावं. गोळी त्याला हात देईल. काही आठवडे लागतील."

त्याला हे पटलं. पण घरी पोचेपर्यंत निम्मं विसरला, आणि उरलेलं बायकोने ऐकून घेतलं नाही. तिने पाकिटातला कागद वाचला होता.

"उदासीवरची आहे. मी काय म्हणत होते? मनाचे खेळ."

"अगं, मणक्यात..."

"या गोळीने बरं वाटलं की समजा, मनाचंच होतं."

झालं. आता बरं वाटायची सोय उरली नाही.

आणि हाय रे दैवा, गोळी लागू पडली. तो सकाळी सरळ उठू लागला. इतक्या काळाने सुख मिळालं, तर ते भोगायची चोरी. बायको दिसली की तो कमरेवर हात ठेवायचा, 'आई गं' म्हणायचा. कधी हात भलत्याच बाजूला जायचा, मग स्वतःचाच संताप यायचा. खरं दुखत होतं तेव्हा सोंगाड्या ठरला, आणि आता खरंच सोंग करायची पाळी आली. न्याय म्हणतात तो हाच का?

एका दुपारी लांबलचक सोफा चढवताना बायकोचा पाय कापडात अडकला. ती पडली, सोफा तिच्यावर कलंडला. त्याने विचार न करता झेप घेतली, अख्खा सोफा पेलला आणि घोडीवर नेऊन ठेवला. साधी कळसुद्धा आली नाही.

ती जमिनीवर बसून बघत राहिली.

"कधीपासून?"

"महिना झाला असेल. पण आधी खरंच दुखत होतं गं."

"माहीत आहे. झोपेत कण्हायचात. झोपेत कोण सोंग करतं?"

"मग इतकं बोलायचीस कशाला?"

"तोंडाने बोलले, पण टोक उचललं ना? या महिन्यातही उचललं. आता पुढे खरं कुठलं मानायचं, ते तुम्हीच सांगा."

ती साडी झटकून उठली आणि मशीनवर जाऊन बसली. संध्याकाळी सोफा त्याने एकट्याने खाली उतरवला.