कानामागचा शेंदूर

बुंदी घरात आली आणि महादेवरावांना पुन्हा काम मिळालं.

बायको गेल्यावर मोर्शीकडची संत्र्याची बाग मक्त्यानं देऊन ते अमरावतीला मुलाकडे राहायला आले होते. तेव्हापासून खाणं वेळेवर, औषध वेळेवर, सून मोनाली स्वभावानं चांगली, नात आचल जीव लावणारी. तक्रार करावी तर कशाची? पण जन्मभर पहाटे बागेला पाणी सोडायला उठलेला माणूस आता पहाटे उठून पेपरवाल्याची वाट बघत बसायचा. कशाला हात लावायला गेले की नितेश म्हणायचा, "बाबा, तुमी बसा." बसून बसून महादेवराव पार कंटाळले होते. 'तुमी बसा' या वाक्यानं त्यांचा जेवढा जीव खाल्ला, तेवढा तर संत्र्यावरच्या कोळशी रोगानंही खाल्ला नव्हता.

अकोल्याला मोनालीच्या मामेभावाकडे कुत्रीला पिल्लं झाली, आणि त्यातलं एक पाहिजे म्हणून आचलनं घर डोक्यावर घेतलं. नितेश ऑफिसात, मोनाली शाळेत शिकवायला, आचल पाचवीत. दिवसभर पिल्लाकडे बघणार कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा मोनाली सहज म्हणाली, "आबा आहेत ना." महादेवरावांनी पेपर तोंडासमोर धरला होता, पण त्यानंतर त्यातली एक ओळ त्यांच्या डोक्यात शिरली नाही. आपण घरी असणं कोणाच्या उपयोगी पडतंय, हे त्यांनी बऱ्याच काळानं ऐकलं होतं.

पिल्लू बुंदीच्या लाडवाच्या रंगाचं होतं, म्हणून बुंदी. पहिल्या दिवशी ती आईसाठी कुईकुई करत राहिली, तेव्हा महादेवरावांनी गरम पाण्याची बाटली जुन्या धोतरात गुंडाळून तिच्या कुशीला लावली. दूध-पोळी कुस्करून कितपत पातळ करायची, पोट टम्म झालं की कधी थांबायचं, घाण केली की न ओरडता कसं उचलून पेपरावर ठेवायचं, हे सगळं त्यांनी आपल्या हातात घेतलं. बुंदीनं त्यांची एक चप्पल कुरतडून टाकली आणि दुसरीत नाक खुपसून ती झोपायला लागली. महादेवराव घरभर अनवाणी फिरायचे, कारण चप्पल घालायची तर तिला उठवावं लागेल. आचल हसून लोटपोट व्हायची.

मोनालीनं एकच गोष्ट बजावली होती. "आबा, तिन्ही इंजेक्शनं होईस्तोवर बुंदीले गेटच्या बाहेर खाली ठेवायचं नाही. पिल्लांचा काही आजार असते म्हणे, डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या कुत्र्यापासून लागते."

"अवं बाई, मले काय सांगून रायली! जनावरातच केस पांढरे झाले माहे."

झाले होते, यात खोटं काही नव्हतं. पण जनावरात केस पांढरे झालेल्या माणसाच्या काही सवयीही पक्क्या झालेल्या असतात. महादेवरावांच्या घराण्यात नवं जनावर आलं की दावणीला बांधण्याआधी गावच्या मारोतीच्या पायावर घालायचं, कपाळाला शेंदूर लावायचा, मग घरी आणायचं, अशी रीत होती. बैल असो, गाय असो, नाहीतर राखणीचं कुत्रं. एका साली घाईघाईत एक गोऱ्हा तसाच आणून बांधला, तर महिन्याच्या आत तो पायानं अधू झाला. बायकोनं ते शेवटपर्यंत ऐकवलं होतं. आणि इथं बुंदी येऊन आठवडा झाला, तरी तिच्या कपाळाला शेंदूर नव्हता. बुंदी साधी शिंकली तरी महादेवरावांना तो गोऱ्हा आठवायचा.

मुलाला सांगावं तर तो हसला असता. सुनेला सांगावं तर ती डॉक्टरचं सांगणं पुढं करणार. डॉक्टरचं सांगणं महादेवरावांना पटलं नव्हतं असंही नाही. पण डॉक्टर कॉलनीतल्या कुत्र्यांबद्दल बोलत असणार, मारोतीच्या पायरीबद्दल थोडाच, असं त्यांनी स्वतःला समजावून टाकलं. माणूस स्वतःला समजावायला बसला की किती लवकर पटतं त्याला!

एका सकाळी सगळे बाहेर पडल्यावर त्यांनी बुंदीला कापडी पिशवीत बसवलं, तिचं तोंड तेवढं बाहेर ठेवलं आणि मोर्शीची एसटी धरली. कंडक्टरनं एकदा पिशवीकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. बुंदी खिडकीतून लागणाऱ्या वाऱ्याला नाक लावून बसली होती. महादेवराव कितीतरी दिवसांनी खुशीत होते.

गावात पारावर पंजाबराव भेटला. लहानपणापासूनचा सोबती, तो बोलला नसता तरच नवल. "काय बे महादेव! शहरात जाऊन कुत्र्याची आया झाला का?"

"आया काहून? मालक हाये मी," महादेवराव म्हणाले आणि पिशवी उघडली. बुंदीला पाहायला चार माणसं जमली. तिचे पंजे कसे जाड आहेत, कान कसे पडतात, यावर चर्चा झाली. पूर्वी ते नवी बैलजोडी घेऊन यायचे तेव्हा अशीच व्हायची. त्यांनी बुंदीला मारोतीच्या पायावर ठेवलं, बोटानं कपाळाला शेंदूर लावला, उरलेला कानामागं पुसला. मग जरा पाय मोकळे होऊ दे म्हणून तिला खाली सोडलं.

पाराच्या सावलीत गावातल्या कुत्रीची पिल्लं होती. दोन बुंदीशी झोंबायला लागली. तिसरं बाजूला पडलं होतं. समोर गुरांसाठीच्या दगडी डोणीत पाणी होतं, त्या पिल्लाची हनुवटी डोणीच्या काठावर टेकलेली होती, पण ते पाणी पीत नव्हतं. नुसतं पाण्याकडे बघत होतं.

महादेवरावांनी ते पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, त्यांना ते खटकलं. खुरकुताची साथ आली होती तेव्हा याच माणसानं सख्ख्या चुलतभावाच्या बैलाला आपल्या डोणीवर तोंड लावू दिलं नव्हतं, त्यावरून भांडण झालं होतं, वर्षभर बोलणं बंद होतं. पण आज पंजाबराव गोठ्याच्या जुन्या गोष्टी सांगत होता, चहा आला होता, आणि चार माणसांसमोर बुंदीला हिसकून उचलून घ्यायला त्यांना जड गेलं. शहरात जाऊन महादेव भित्रा झाला म्हणतील. तेवढ्यात बुंदी दुडुदुडु गेली आणि त्याच डोणीतलं पाणी लपालपा प्यायली.

घरी आल्यावर त्यांनी ओल्या फडक्यानं तिला पुसलं. शाळेतून आल्यावर आचलनं तिला उचललं आणि विचारलं, "आबा, बुंदीच्या कानामांगं केशरी काय लागलं?"

"तुहाच रंग असन. कालच्या चित्राचा."

"सॉरी, बुंदी," आचल म्हणाली आणि तिनं आपल्या रुमालाच्या टोकानं तो डाग हळूच पुसला.

आठवडा सरत आला आणि बुंदीनं दूध-पोळीला तोंड लावलं नाही. दुपारी ओकली. संध्याकाळपर्यंत तिची मान उचलेना. सगळे तिला घेऊन डॉक्टरकडे गेले. डॉक्टर तरुण होता, शांतपणे एकेक विचारत होता. काय खाल्लं? जंताचं औषध दिलं का? मग म्हणाला, "घराबाहेर गेली होती का? दुसऱ्या कुत्र्यांमध्ये?"

"छे!" मोनालीनं लगेच सांगितलं. "आमचे आबा घरीच असतात, डॉक्टर. त्यांनी जन्मभर जनावरं सांभाळली. गेटबाहेर पाय नाही ठेवू देत ते तिला."

महादेवरावांनी तोंड उघडलं होतं. ते मिटलं. सून तोंडभरून, अभिमानानं बोलली होती. ती अजून आपल्याकडेच बघते आहे असं वाटून त्यांनी भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडे नजर लावली.

तेव्हा आचल रडवेली होऊन म्हणाली, "मी तिले केक दिला होता. माह्या वर्गातल्या सागरच्या बड्डेचा. चॉकलेटचा. थोडासाच."

"चॉकलेट कुत्र्यांना सोसत नाही, बेटा," डॉक्टर म्हणाला. "बाहेर गेलीच नसेल, तर तेच असू शकेल. आता औषध देतो, उद्या सकाळी बघू."

आचलचा चेहरा असा झाला की बघवेना. घरी येताना ती बुंदीला मांडीवर घेऊन बसली आणि एकच पुटपुटत राहिली, "मले माहीत नव्हतं, खरंच माहीत नव्हतं." महादेवराव शेजारीच होते. एक वाक्य बोलायचं होतं. गाडीत बोलता आलं असतं, घरी पोचल्यावर बोलता आलं असतं, आचल न जेवता उठली तेव्हा बोलता आलं असतं. केकनंच झालं असेल, औषधानं उतरेल, मग सांगायची गरजच काय, असा विचार त्यांनी केला. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं दहा वर्षांच्या पोरीच्या आड लपावं, याहून हलकी गोष्ट दुसरी नाही, आणि हे त्यांना तेव्हाही कळत होतं.

सकाळी ते उठून आले तेव्हा बुंदी पाण्याच्या वाटीजवळ पडलेली होती. हनुवटी वाटीच्या काठावर टेकलेली. पाणी पीत नव्हती. नुसती पाण्याकडे बघत होती. मागची फरशी रक्तानं घाण झाली होती.

"नितेश!" महादेवराव ओरडले. "गाडी काढ. मोनाली, मी इले गावाले नेलं होतं. मारोतीच्या पायावर घालाले. तिथं बिमार पिल्लू होतं, त्याच्याच डोणीत हे पाणी पेली. मी डोळ्यानं पाह्यलं."

मोनालीच्या हातात डबा होता. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग डबा खाली ठेवून तिनं बुंदीला उचललं. दारात आचल शाळेच्या कपड्यात उभी होती. वेणी अर्धीच घातलेली.

"म्हणजे तो रंग माहा नव्हता?" तिनं विचारलं.

"नाही, बाई. शेंदूर होता."

"अन् केकनं नाही झालं?"

"केकनं नाही. माह्यामुळं झालं."

आचलनं मान हलवली. मग म्हणाली, "तुमी काल काहून नाही सांगितलं? मी किती रडली."

महादेवरावांना लाज वाटली होती, एवढंच खरं कारण होतं, आणि तेवढ्यासाठी पोरीला रडू दिलं हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार?

डॉक्टरनं तपासणी केली आणि पार्व्हो म्हणून सांगितलं, दुसऱ्या कुत्र्यापासून लागणारा पिल्लांचा तोच आजार. रागावला नाही, फक्त म्हणाला, "काल कळलं असतं तर कालच सलाईन लावलं असतं." बुंदीच्या त्या एवढ्याशा पायात सुई लावली. पुढचे दिवस महादेवराव रोज तिथं जाऊन बाकड्यावर बसत. कोणी त्यांना आत बोलावलं नाही, तेही गेले नाहीत. गावाकडे पंजाबरावाला फोन केला तर तो म्हणाला, "ते पिल्लू? ते तर तू गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मेलं ना गड्या."

बुंदी मात्र वाचली. चिवट होती. हाडांचा सापळा होऊन घरी आली, आणि खाली ठेवताच लडखडत महादेवरावांच्या चपलेपाशी गेली, नाक खुपसून झोपली. तेव्हा ते आत जाऊन रडले. तिनं पाठ फिरवली असती तर त्यांना सोसलं असतं.

घरात कोणी त्यांना एक शब्द बोललं नाही. पोळी गरम, औषध वेळेवर, सगळं पहिल्यासारखं. बुंदी धडधाकट झाली, इंजेक्शनंही सगळी झाली, आणि मग एका संध्याकाळी मोनाली अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आबा, मागच्या गल्लीतल्या गीतांजलीताई दिवसभर घरीच असतात. त्यांच्याकडेही कुत्रा आहे. सकाळी मी बुंदीला तिकडे सोडत जाईन. तुम्हाला त्रास नको."

नितेशनं ताटावरची नजर उचलली नाही. म्हणाला, "हो बाबा. तुमी बसा आरामात."

"बरं," महादेवराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? बैल एकदा हयगयीनं मारणाऱ्या गड्याच्या हाती त्यांनीही पुन्हा बैल दिला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोनाली स्कुटी सुरू करून गेटशी थांबली. आचल पट्टा घेऊन आली. बुंदी महादेवरावांच्या दोन पायांमध्ये येऊन बसली आणि उठेना. आचलनं ओढलं, बिस्कीट दाखवलं, लाडानं हाक मारली. बुंदीनं शेपटी हलवली, आणि महादेवरावांच्या पायाला अंग आणखी घट्ट लावलं.

"शाळेला उशीर होतोय," मोनाली म्हणाली. मग थोडं अडखळत, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "आबा, तुम्ही जरा आत जाता का? तुम्ही दिसलात की ती येत नाही."

महादेवराव वाकले. बुंदीच्या कानामागं, जिथं शेंदूर लागला होता तिथं, त्यांनी एकदा हात फिरवला. मग हळूच पाय सोडवून घेतला, आत गेले, आणि तिला दिसणार नाही अशा बेतानं दार ओढून घेतलं.