पाहिलेले सिनेमे

दंतवैद्यांचा वर गेलेला हात भाऊंनी स्वतः धरून खाली आणला.

"तुमचा प्रसंग सांगून झालाय. आता प्रोफेसर."

"अहो, पुरता ऐकला तरी का कुणी? तो वकील खुर्चीत बसतो न बसतो, तिथेच तुम्ही मला तोडलंत."

"एक दशक, एक प्रसंग. सगळा सिनेमा सांगत बसायचं नाही. नियम म्हणजे नियम."

नियम भाऊंनीच केला होता. रविवारी दुपारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत चौघेजण जमत आणि सगळ्यात चांगले सिनेमे कोणत्या दशकात निघाले यावर तावातावाने भांडत. दंतवैद्य साठच्या दशकासाठी जीव टाकत. प्रोफेसरांचं दशक ऐंशीचं. त्यांनी आयुष्यात कधी वर्गात पाऊल टाकलं नव्हतं, त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. पण गिऱ्हाइकाला साधी फ्रेम दाखवतानासुद्धा ते असं व्याख्यान झोडत, की गावाने त्यांना प्रोफेसर करून टाकलं. वरच्या मजल्यावरच्या बाई शाळेत गणित शिकवत आणि नव्वदच्या दशकाची बाजू एकट्या लढवत. भाऊ सत्तरच्या दशकाचे. प्रत्येकाचं दशक म्हणजे त्याच्या डोक्यावर भरपूर केस असतानाचं दशक, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

शेवटी मतदान होई. प्रत्येकजण स्वतःलाच मत देई आणि निकाल पुढच्या रविवारवर जाई. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे, आणि खरं तर त्यामुळेच ही मैफल इतकी टिकली होती.

त्या दिवशी मात्र प्रोफेसरांच्या अंगात काय आलं कोण जाणे. वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, चहाचे कप घेऊन आल्या तेव्हा प्रोफेसरांनी ट्रे त्यांच्या हातातून घेतला आणि आपल्या शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"सत्तरचा प्रसंग आज वहिनी सांगणार. भाऊ सांगतात तेव्हा मला अग्रलेख वाचल्यासारखं वाटतं."

"तिला कशाला ओढताय यात," भाऊ म्हणाले. "तिची कामं पडलीयेत आत."

"काही पडलेली नाहीत," वहिनी म्हणाल्या आणि पदराला हात पुसून खुर्चीच्या कडेवर बसल्या. त्या बऱ्यापैकी खूश दिसत होत्या. इतके रविवार त्या दारातून ऐकत आल्या होत्या; आपल्यालाही कुणीतरी विचारावं असं त्यांना वाटत असणार, आणि ते भाऊंच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

आता मात्र भाऊंची पंचाईत झाली. कारण वहिनींनी त्या दशकातला एकही सिनेमा पाहिलेला नव्हता.

भाऊ तेव्हा एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढायच्या, हे काम. दर शुक्रवारी कचेरीत नव्या सिनेमाचे पास येत आणि त्यातला एक, समीक्षकाची मर्जी असली तर, भाऊंच्या हाती पडे. एकच. आणि दुसरा पडला असता तरी उपयोग नव्हता, कारण वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या आणि त्यांची पाळी संध्याकाळची असे. भाऊ एकटे जात. शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात वहिनी भाजी निवडत बसत आणि भाऊ पाटावर बसून सगळा सिनेमा सांगत. साधा नाही, पावलांच्या आवाजासकट, पार्श्वसंगीतासकट. दार उघडायचं असलं तर ते फडताळाचं दार करकर वाजवून दाखवत. पुढे पुढे त्या घरात ऐकलेल्या सिनेमालाही पाहिलेलाच म्हणू लागले. "आपण तो पाहिला नव्हता का," असं वहिनी म्हणत आणि भाऊ म्हणत, "पाहिला तर."

इथवर सगळं सरळ होतं. पण त्यांची पहिली मुलगी तापाने गेली, ती याच वर्षांत. अडीच वर्षांची होती. त्यानंतरच्या काही आठवड्यांत भाऊ एक सिनेमा पाहून आले आणि शनिवारी सांगायला बसले. सांगता सांगता शेवट जवळ आला आणि त्यांचं लक्ष वहिनींच्या हातांकडे गेलं. हात थांबले होते. पुढचं ऐकायच्या आधीच ते हात थांबले होते. मग भाऊंनी सिनेमातल्या मुलाला वाचवलं.

त्यात त्यांची काही चूक होती असं कुणी म्हणणार नाही. पण पुढे ते वाचवतच गेले. जिथे मूल मरत असे तिथे ते जगू लागलं, आणि हळूहळू भाऊंना त्याची गोडी लागली. दिग्दर्शकाला सुचलं नाही ते आपल्याला सुचतं, असं त्यांना वाटू लागलं. वहिनी डोळे पुसून हसत आणि म्हणत, "काय सिनेमा होता हो!" दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या वेलांट्या सुधारणाऱ्या माणसाला एवढं कौतुक पुष्कळ झालं.

"तो तलावावरचा सिनेमा," वहिनी म्हणाल्या. "होडीवाल्याचा."

"वा!" दंतवैद्यांनी मांडीवर थाप मारली. "सत्तरचं म्हटलं की तोच. सांगा."

भाऊंनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"शेवट सांगते. वादळ होऊन गेलेलं असतं. सगळ्यांच्या होड्या परत येतात, फक्त मुलाची नाही. आई धक्क्यावर उभी. लोक म्हणतात, बाई, घरी चल. ती हलत नाही." वहिनी थांबल्या. ती थांबण्याची जागा भाऊंची होती. ती ढब, तो खाली आलेला आवाजही भाऊंचाच होता. "उजाडायला लागतं. आणि मग धुक्यातून एक होडी येते. मुलगा उतरतो. तुम्हाला वाटेल आई त्याला पोटाशी धरेल, रडेल. तसलं काही नाही हो. ती खाली बसते आणि आधी त्याचे ओले मोजे काढते. एक काढते, पिळते, खांद्यावर टाकते. मग दुसरा. तो म्हणतो, आई, लोक बघतायत. ती म्हणते, बघू देत."

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"पण वहिनी," प्रोफेसर जरा वेळाने म्हणाले, "मुलगा परत येतच नाही."

"येतो की."

"अहो, रिकामी होडी येते! आई जाऊन तिच्यात बसते आणि सिनेमा संपतो. त्याच्यावरच तर एवढी बक्षिसं मिळाली त्याला."

"नाही नाही. येतो तो. मोजे काढते ना ती."

"मोजे!" दंतवैद्य हसायला लागले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं; गडगडाटी हसणं हा त्यांचा स्वभावच होता. "होडीवाल्याच्या पोराच्या पायात मोजे कुठले हो, वहिनी?"

हे भाऊंनाही आजवर कधी सुचलं नव्हतं. होडीवाल्याच्या पोराला मोजे. भले भले अग्रलेख तपासले, आणि ही चूक इतकी वर्षं तशीच राहिली.

बाईंनी फोनमध्ये पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "इथेही रिकामी होडीच लिहिलंय."

वहिनींच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. आपण बरोबर आहोत आणि साक्षीदार समोरच बसलाय, अशा खात्रीचं ते हसू होतं. त्या भाऊंकडे वळल्या.

"तुम्ही सांगा ना यांना. आपण पाहिलाय."

एक वाक्य पुरलं असतं. तिने पाहिला नाही, मी सांगितला, आणि शेवट माझा आहे. लोकांनी भाऊंची चार घटका थट्टा केली असती आणि चहा संपवला असता. पण सगळे त्यांच्याकडे बघत होते. या खोलीत दर रविवारी दुसऱ्यांच्या सनावळ्या, नटांची नावं, कॅमेरा कुठून कुठे गेला हे दुरुस्त करणारे भाऊ होते ते. सिनेमात खोटं घालणारा माणूस म्हणून त्यांना त्या नजरांसमोर उभं राहवेना.

"अगं, तुला झोप लागली असेल," ते म्हणाले. आणि तेवढ्यावर न थांबता सगळ्यांकडे बघून त्यांनी पुस्ती जोडली, "थेटरात अंधार झाला की हिची समाधी लागते. मध्यंतराला उठवायचो मी."

सगळे हसले. भाऊही हसले.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. एक्स्चेंजमध्ये उभा जन्म माणसांचे आवाज ऐकलेल्या त्या बाईला तेवढं पुरलं. आधी त्यांना ते झोपेचं खोटं कळलं, आणि मग, भाऊंच्या देखत, त्याच्या मागचं दुसरं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण ते आता त्यांनी धरून ठेवलेलं होतं.

"असेल," त्या म्हणाल्या. "दिवसभराची दमलेली असायचे मी. पडलं असेल स्वप्न."

असं म्हणून त्यांनी भाऊंना सोडवलं. चारचौघांत तोंडघशी पाडायचं तर एका शब्दाचं काम होतं, तो शब्द त्यांनी गिळला. भाऊंना मान वर करवेना.

"स्वप्न तर स्वप्न," प्रोफेसर म्हणाले. "मला हाच शेवट आवडला. माझं मत वहिनींना."

"माझंही," बाई म्हणाल्या.

दंतवैद्यांनी कुरकुरत का होईना हात वर केला. अशा रीतीने त्या खोलीत पहिल्यांदाच निकाल लागला आणि सत्तरचं दशक जिंकलं. प्रोफेसरांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्या टाळ्या ऐकताना भाऊंना, क्षणभर का होईना, बरं वाटलं. ओले मोजे त्यांचे होते. खांद्यावर टाकणं त्यांचं होतं. बायको समोर मान खाली घालून कप गोळा करत होती आणि यांना आतून गुदगुल्या होत होत्या. दुसऱ्याच क्षणी ते लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःची अशी किळस आली की आधीची शरम परवडली असती.

मंडळी गेल्यावर भाऊ बराच वेळ खुर्च्या सरळ करत राहिले. सरळ करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. वहिनी कप विसळत होत्या.

"अगं, ते मघाशी झोपेचं..."

"राहू द्या."

"मला असं म्हणायचं नव्हतं."

"अहो, राहू द्या म्हटलं ना."

त्या चिडल्या असत्या तर भाऊंना काहीतरी करता आलं असतं. त्यांच्या चिडण्याची त्यांना सवय होती. पण त्या नळाखाली कप फिरवत होत्या आणि कसला तरी विचार करत होत्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"ती सर्कशीतली? दोघी बहिणी असतात त्यातली धाकटी?"

भाऊंना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी दाराची चौकट धरली.

"ती पडते. झोक्यावरून."

"ते माहितीय. पडते, आणि मग जाळी असते खाली."

"जाळी नसते."

वहिनींनी मान हलवली. कप पालथा घातला, दुसरा घेतला.

"पुरात झाडावर बसलेले ते दोघे भाऊ?"

"एकजण वाचतो."

"कोण?"

"मोठा."

"पण मोठे होऊन ते सायकलचं दुकान काढतात ना दोघं?"

सायकलचं दुकान त्यांना एका शनिवारी आयत्या वेळी सुचलं होतं. वहिनींना ते इतकं आवडलं होतं, की रस्त्यात एखादं तसलं दुकान दिसलं की त्या अजूनही आत डोकावून बघत.

"आणि आगगाडीत हरवलेलं ते तान्हं?"

"तेही," भाऊ म्हणाले. इतकी वर्षं ही सगळी मुलं या घरात सुखरूप होती, आणि आता ते दारात उभे राहून एकेकाचा निरोप देत होते.

वहिनींनी नळ बंद केला. ओला कप हातातच होता.

"त्या दवाखान्याच्या सिनेमातली?" त्यांनी विचारलं. "ताप येतो ती?"

तो सिनेमा भाऊंना अगदी स्वच्छ आठवत होता. त्या शुक्रवारी ते थेटरात मुठी आवळून बसले होते आणि शेवटी ढसाढसा रडले होते. शनिवारी त्यांनी तो पाहिला तसाच, एका शब्दाचाही फरक न करता सांगितला होता.

"ती बरी होते," ते घाईघाईने म्हणाले. "खरंच बरी होते ती. स्वतःच्या पायांनी चालत बाहेर येते. यात मी काही घातलेलं नाही."

वहिनींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"देवाशपथ सांगतो. सिनेमातच तसं आहे."

"बरं," वहिनी म्हणाल्या. हट्टी मुलाची समजूत घालावी तसं अगदी मायेने म्हणाल्या, आणि हात पुसत त्यांच्या शेजारून बाहेर गेल्या.