पाचशे साठ ग्रॅम

धाकट्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षी मी लिहायला शिकले. वय बावन्न. बाळंतिणींच्या वॉर्डात मी मावशी. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या.

त्याच वर्षी नवी सिस्टर आली. उठता बसता "पुरावा काय?" विचारायची, म्हणून आम्ही तिला पुरावाबाई म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात तिने मोजलेलं लाल पाणी पॅडवर ओतलं आणि हे बाळंतिणीचं रक्त असतं तर किती, असा सगळ्यांना अंदाज विचारला. सगळ्यांनी निम्माच सांगितला. वॉर्डच्या मुख्य सिस्टर, मोठ्या बाईंनीसुद्धा!

"रंगाचं पाणी म्हणजे रक्त नव्हे," बाई फणकारल्या. "तीस वर्षं या डोळ्यांनी बघतेय."

"मग तीन महिने मोजून बघू, बाई. तुमचे डोळे खरे ठरले तर हा वजनकाटा डोक्यावर घेऊन परत करीन."

ठरलं. प्रत्येक पॅड काट्यावर ठेवायचं, कोऱ्या पॅडचं वजन वजा करायचं, बेरीज फळ्यावर मांडायची. पाचशे ग्रॅम ओलांडले की जिवाला धोका, लगेच घंटा वाजवायची. लिहायचं काम माझ्याकडे!

दुसऱ्याच आठवड्यात शिंप्याची बायको बाळंत झाली. मुलगी, टुणटुणीत. बाई शेवटचं पॅड बघून म्हणाल्या, "नेहमीइतकंच आहे." एकेक पॅड खरंच थोडंसंच भिजलेलं. पण माझी बेरीज पाचशे साठ आली.

चुकली असेल? बोटांवर पुन्हा केली. पाचशे साठ! आता बाईंच्या तोंडावर घंटा वाजवायची? आणि चुकलं तर वॉर्डभर हसं?

"मावशी, थंडी वाजतेय हो," शिंपीण पुटपुटली.

मी घंटा बडवली.

पुरावाबाई धावत आली आणि रक्त थांबावं म्हणून शिंपिणीचं पोट चोळायला लागली. बाईंनी फळा वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि इंजेक्शन भरता भरता ओरडल्या, "बघत काय उभ्या राहिलात? डॉक्टरांना बोलवा!"

अर्ध्या तासात रक्त थांबलं. शिंपिणीने पाणी मागितलं. मी जिन्यात जाऊन एकटीच नाचले, दुखऱ्या गुडघ्यांसकट.

संध्याकाळी बाई काट्यापाशी आल्या. "बेरीज कुणी शिकवली?"

"धाकट्या जावयाने."

"त्यांना माझा नमस्कार सांगा." मग खडू घेऊन त्यांनी फळ्याच्या माथ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: आधी काटा, मग डोळे.

त्या तीन महिन्यांत आमची एकही बाळंतीण दगावली नाही. शिंपीण अजून धडधाकट आहे. मोठ्या बाई मात्र निवृत्तीनंतर अकराव्या वर्षी, डिसेंबरात, न्यूमोनियाने वारल्या.